भूक गेली, रस राहिला (गीता २.५९)



आजच्या वाचनात दुसऱ्या अध्यायाचा एकोणसाठावा श्लोक. स्थितप्रज्ञाची लक्षणं चालू आहेत. अर्जुनाने विचारलंय की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. आणि भगवंत उत्तर देता देता मध्येच आहारावर येतात. श्लोकाचा साध्या भाषेत अर्थ असा : जो आहार बंद करतो त्याच्यापासून विषय लांब जातात, पण त्या विषयांची गोडी, म्हणजे रस, तो मागे राहतो. तो रस जातो ते परतत्त्वाचं दर्शन झाल्यावरच.

टीकाकार इथे आहार म्हणजे सगळ्याच इंद्रियांचा आहार असंही घेतात. डोळ्यांचा, कानांचा. बरोबरच आहे. पण आज मी तो शब्दशः घेणार आहे. पोटात जाणारा आहार. आणि खरं सांगायचं तर अठ्ठावन्नवरून थेट साठवर उडी मारावी असं गेले चार दिवस डोक्यात होतं. कारण या श्लोकावर खरं लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी तुमच्यापासून एकवीस महिने लपवली.

२०२४ च्या जानेवारीत मी वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं. बॅरिएट्रिक सर्जरी. तेव्हा माझं वजन १३४ किलो होतं. उंची पाच फूट आठ इंच. त्या आठवड्यात इथे लिखाण बंद होतं तेव्हा मी "ऑफिसचं रिलीज आहे" असं सांगितलं होतं. रिलीज वगैरे काही नव्हतं. मी अंधेरीकडच्या एका रुग्णालयात सलाईन लावून पडलो होतो.

लपवलं का, ते आधी सांगतो, कारण आजच्या श्लोकाचा संबंध तिथेच आहे.

२०२२ मध्ये आपण सहावा अध्याय वाचत होतो. त्यात सोळावा आणि सतरावा श्लोक आहे : अती खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, ज्याचा आहार-विहार युक्त आहे त्याला साधतो. त्यावर मी दोन पानी लिहिलं होतं. काय जोर होता तेव्हा! शरीर म्हणजे आपल्या संयमाचा हिशेब आहे, वजनकाट्यावर आपली साधना दिसते, असलं काहीतरी लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी मला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. ते लिहिलं त्या संध्याकाळी भाईंदर स्टेशनबाहेर दोन वडापाव खाऊन घरी आलो होतो आणि घरी आईने केलेलं जेवण वेगळं जेवलो होतो.

चार दिवसांनी एक मेल आला. एका वाचक मुलीचा. तिने लिहिलं होतं, "दादा, माझं वजन खूप आहे. तुमचं वाचून तीन दिवस फक्त पाण्यावर राहिले. आज लोकलमध्ये चक्कर आली. माझा संयम अजूनही कमीच पडला का?" एवढंच.

मी त्या मेलला उत्तर दिलं नाही. काय देणार होतो? त्याच सोळाव्या श्लोकात "अजिबात न खाणारा" हाही आहे, त्यावर मी अर्धी ओळ खर्च केली होती आणि "अती खाणारा" यावर दोन पानं. सतराव्या अध्यायात तर भगवंत फार कडक बोललेत. शास्त्रात नसलेलं घोर तप करून जे शरीराला सुकवतात, ते आत राहणाऱ्या मलाही त्रास देतात, अशा अर्थाचं तिथे आहे, आणि त्या निश्चयाला त्यांनी आसुरी म्हटलंय. मला हे माहीत होतं. मी ते लिहिलं नाही, कारण ते लिहून माझा तोरा टिकला नसता.

आता माझं.

मी नवघरचा. जन्म इथलाच, नवघर रोडवर वाढलो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे किती आहेत ते इथल्यांना सांगायला नको. बाबा त्यातल्याच एका गाळ्यात पॉलिशला होते. दुसरी पाळी. घरी यायचे तेव्हा साडेअकरा वाजलेले असायचे. पुढचं मग सांगतो.

इंजिनीअरिंग झालं, नोकरी लागली, अंधेरीला सीप्झमध्ये. रोज भाईंदर लोकल, दिवसभर खुर्ची, रात्री परदेशातल्या टीमबरोबर कॉल. वजन वाढत गेलं. सगळं करून पाहिलं. जिम, दोन वेळचं जेवण, भात बंद, गहू बंद, एकदा तर नुसतं ताक. कमी व्हायचं आणि दीडपट होऊन परत यायचं. एकादशी, गुरुवार, संकष्टी, सगळे उपास मी करत होतो. आणि आपल्याकडच्या उपासाची गंमत तुम्हाला माहीत आहे. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, तूप. देवाच्या नावाने रोजच्यापेक्षा जड जेवण!

मला आठवतं, २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून इमान अहमद नावाच्या बाईंना विमानाने मुंबईत आणलं होतं. सुमारे ५०० किलो वजन असल्याच्या बातम्या होत्या. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. आपल्याच लाईनवरचं स्टेशन, त्यामुळे लोकलमध्ये तोच विषय. लोक जोक करत होते आणि मीही हसत होतो. चौथ्या सीटवर मला कोणी बसू देत नसे, कारण मी बसलो की तिसरा उठायचा, तरी मी हसत होतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या अबुधाबीत गेल्या. पंचवीस वर्षांहून जास्त काळ त्या घराबाहेर पडू शकल्या नव्हत्या असं त्यांच्या बहिणीने सांगितल्याचं तेव्हा छापून आलं होतं. ते वाचूनही "एवढं होईपर्यंत करत काय होती?" हाच प्रश्न माझ्या मनात आला. आज त्याची लाज वाटते, म्हणून लिहिलं.

माझं जागं होणं माझ्या मुलीमुळे झालं. ती तेव्हा चार वर्षांची होती. रात्री मी घोरता घोरता थांबायचो आणि श्वासही थांबायचा. बायकोने मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, मी ते ऐकायला टाळाटाळ करत होतो. एका रात्री कोणीतरी गालावर चापट्या मारतंय म्हणून जाग आली. मुलगी छातीवर बसून म्हणत होती, "बाबा, श्वास घे. बाबा, श्वास घे." तिला वाटलं हा खेळ आहे की तिला खरंच कळलं होतं, माहीत नाही. झोपेची तपासणी केली. तीव्र स्लीप ॲप्निया. बाबा पन्नाशीच्या आत हृदयविकाराने गेले, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी फाईल बंद केली आणि म्हणाले, "मग वाट कशाची पाहताय?"

बीएमआय ४४ च्या वर होता. २०१९ पासून विमा नियामकाचा नियम असा आहे की बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ च्या वर असून तीव्र स्लीप ॲप्निया, आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार यांसारखा आजार असेल, आणि बाकीचे उपाय करून झालेले असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेली ही शस्त्रक्रिया विम्यातून सरसकट वगळता येत नाही. मी हे मुद्दाम सांगतोय. कारण विम्याच्या टेबलावरचा माणूस मला म्हणाला, "सर, हे कॉस्मेटिकमध्ये येतं ना?" आणि मला क्षणभर वाटलं, हो, खरंच की, आपण सुंदर दिसायला चाललोय.

घरी आईचा विरोध. "देवाने दिलेलं पोट कापून टाकायचं? जरा तोंड आवरलं तर काय होतंय?" मी काही बोललो नाही. बायको म्हणाली, "आई, तुमचा मोतीबिंदू काढला तेव्हा डोळे आवरा असं कोणी म्हटलं का?" आई तीन दिवस तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाली, "अरे, त्या गडकरींनी पण केलंय म्हणे." नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते त्याबद्दल उघडपणे सांगतात. कोणीतरी भजनी मंडळात सांगितलं असावं. आईचा विरोध तिथे संपला. मी जे वर्षभर समजावून सांगू शकलो नसतो ते असं झालं.

माझ्या मनातला विरोध मात्र संपला नव्हता. माझं म्हणणं असं की मी रोज गीता वाचणारा, लोकांना अर्थ सांगणारा. माझा संयम माझ्या साधनेतून यायला हवा, स्टेपलरने नव्हे. ऑपरेशन म्हणजे हार. खरं तर याला भक्ती म्हणत नाहीत. हा अहंकारच, फक्त कपाळाला गंध लावलेला. पण तेव्हा कळत नव्हतं.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो, कारण अनेकांना वाटतं चरबी काढतात. चरबी काढत नाहीत. माझी झाली ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून करतात. जठराचा बाहेरचा फुगीर भाग स्टेपल करून कापून काढतात, जवळजवळ ७५ ते ८० टक्के. उरते ती केळ्यासारखी एक नळी. काढलेलं परत जोडता येत नाही. टाके गळण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो, कमी असतो पण असतो. नंतर जन्मभर व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासणी. आधी मला दोन आठवडे फक्त पातळ आहारावर ठेवलं होतं. लिव्हरला चरबी धरलेली असते, ते थोडं आकसलं की डॉक्टरांना खालचं जठर नीट दिसतं.

कापून काढलेल्या भागाबरोबर आणखी एक गोष्ट जाते. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या त्या वरच्या फुगीर भागातच तयार होतं. तो भागच गेला की भूकही ओसरते. निदान पहिले काही महिने तरी. हे लक्षात ठेवा, आजच्या श्लोकासाठी लागेल.

त्याआधी एक आनंदाची गोष्ट सांगू द्या.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने औषधाचा तो छोटा प्लास्टिकचा कप आणला, ३० मिलिलिटरचा. पाणी. "घोट घोट घ्या सर, एकदम नाही, अर्धा तास लावा." तीस मिलिलिटरला अर्धा तास! मी कप हातात धरून बसलो आणि मला आजोबांची पळी आठवली. आचमनाला किती पाणी घ्यायचं, तर उडीद बुडेल इतकं, असं ते सांगायचे. लहानपणी मी ते एका सेकंदात गिळून टाकायचो. तेव्हा ते पाणी आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. त्या दिवशी कळलं. पाण्याला चव असते. थंड असतं ते गळ्यातून कुठपर्यंत गेलं ते कळतं.

मग डाएटिशियन मॅडमनी चार्ट दिला. चार टप्पे. आधी पातळ, ओढून घेता येईल असं : पाणी, नारळपाणी, वरणाची निवळ, मग ताक, दूध, प्रोटीन. दोन आठवड्यांनी घोटलेलं, चमच्याने चाटण्यासारखं. मग मऊ, फार न चावता गिळता येईल असं, मऊ खिचडी, पनीर. आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं, चावून चावून खायचं. चार्ट पाहून मी हसलो. मॅडमना वाटलं मी चेष्टा करतोय. पंधराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की मी वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. ते चार प्रकार परंपरेने सांगितलेत : भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. चावून खायचं, गिळायचं, चाटायचं, चोखायचं. मॅडमच्या चार्टवर तेच चार होते, उलट्या क्रमाने. मी जणू पुन्हा एकदा बाळ होऊन चोष्यापासून सुरुवात करत होतो. आणि आत तोच अग्नी, कापलेल्या, स्टेपल मारलेल्या नळीतही. त्याने काही राजीनामा दिला नव्हता. त्या रात्री रडलो. दुखत पण होतं म्हणा.

पहिले सहा महिने भराभर गेले. वजन दर आठवड्याला उतरत होतं. केस गळले, ते चौथ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच जणांचे गळतात, नंतर आले. स्लीप ॲप्नियाचं मशीन सुटलं. जेसल पार्कच्या खाडीकाठी सकाळी चालायला लागलो. लोक म्हणायला लागले, "काय, योगा सुरू केलास वाटतं?" आणि मी म्हणायचो, "हो, थोडं जेवणावर नियंत्रण." खोटं. तेही खोटं.

भूक तर नव्हतीच. घड्याळ बघून जेवायचो. मला वाटलं, जिंकलो. इंद्रियांवर विजय. स्थितप्रज्ञ होण्याच्या रांगेत माझा नंबर आला.

मग एका रात्री, साधारण आठव्या महिन्यात, प्रॉडक्शनला काहीतरी फुटलं. साडेदहापासून कॉल. सव्वाअकराला सुटलं. सगळे झोपलेले. मी लॅपटॉप बंद केला आणि पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा स्वयंपाकघरात, दिवा न लावता, फ्रीजच्या उजेडात उभा होतो आणि हातात श्रीखंडाचा डबा होता. अर्धा संपलेला.

पोळी-भाजी मला चार घासांच्या वर जात नव्हती. श्रीखंड जातं. मऊ, गोड, कुठे अडकत नाही, त्या नळीतून सरळ उतरतं. आइस्क्रीम, चॉकलेट, तोंडात विरघळणारे कुरकुरे, सगळं तसंच. अशा खाण्याने केलेलं ऑपरेशन हळूहळू वाया जाऊ शकतं, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पण मला हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. ऑपरेशनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांनी एक प्रश्न विचारला होता : "भूक नसताना तुम्ही कधी खाता?" मी ताडकन "नाही" म्हणालो होतो. भूक लागते म्हणून खातो, भूक जास्त आहे म्हणून जास्त खातो, असा माझा प्रामाणिक समज होता. आता तर भूक कापून काढलेली होती. काढलेला भाग तपासणीला गेलेला मी रिपोर्टमध्ये वाचला होता. मग फ्रीजपाशी कोण आलं?

दुसऱ्या दिवशी पारायणाची ज्ञानेश्वरी काढली आणि याच श्लोकावरचं वाचलं. शके १२१२ मध्ये, नेवाशाला, विशीही न गाठलेला एक मुलगा यावर काय सांगतो पाहा. माऊलींचा दृष्टांत झाडाचा आहे. वरची पालवी खुडायची आणि मुळाशी पाणी घालत राहायचं, तर ते झाड मरणार कसं? उलट ते पाणी पिऊन आडवं पसरतं. तसं जिभेच्या वाटेने विषय आत मनात पोसले जातात. आणि त्याच्या पुढचा मुद्दा मला सगळ्यात जवळचा वाटला : बाकीच्या इंद्रियांचे विषय तोडून टाकता येतात, पण रसाचं तसं हट्टाने करता येत नाही, कारण त्याच्याशिवाय जगणंच होत नाही.

किती खरंय! दारू सोडणारा माणूस दारूच्या दुकानासमोरून न जाता राहू शकतो. जेवण सोडून कुठे जाणार? ज्याने मी बुडतोय त्याच पाण्यातून दिवसातून चार वेळा चालत जायचंय. माऊलींनी इथे जाड माणसाला दोष दिलेला नाही. त्यांनी अडचण नेमकी सांगितली आहे. मी २०२२ मध्ये दोष दिला होता.

मग मूळ कुठे आहे? हे मला कोणी ग्रंथातून सांगू शकत नव्हतं. बरेच दिवस लागले. आणि कळलं ते घड्याळ बघून. माझा हात फ्रीजकडे जातो तो नेहमी सव्वाअकरा ते पावणेबाराच्या दरम्यान.

बाबा साडेअकराला यायचे. हात काळे, पॉलिशची भुकटी नखांत. आई पहाटे उठणारी, ती झोपलेली असायची. मी जागा राहायचो, अभ्यासाच्या नावाखाली. बाबा येताना कागदात बांधलेलं काहीतरी आणायचे. कधी जिलेबी, कधी भजी गार झालेली. आई उठू नये म्हणून दिवा न लावता आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ते खायचो. फार बोलायचो नाही. "आज काय शिकवलं?" "काही नाही." एवढंच. २००९ मध्ये मी तिसऱ्या वर्षाला असताना बाबा गेले. त्याच वर्षापासूनचे माझे फोटो काढून पाहिले. त्याच वर्षापासून वजन वाढत गेलंय.

मी सोळा वर्षं अंधारात उभा राहून बाबांबरोबर जेवत होतो.

रस म्हणजे जिभेची चव, एवढंच मला आधी वाटायचं. आता वाटतं भगवंतांनी जो शब्द वापरलाय तो फार खोलवरचा आहे. श्रीखंडात माझा रस नव्हताच. विषय सोडला, विषय पोटात मावेनासा केला, विषयाची भूक कापून बाहेर काढली, तरी ज्याच्यासाठी तो विषय धरला होता ते तसंच शिल्लक. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. ते माझं प्राण वाचवणारं काम आहे, त्याला मी कधीही कमी म्हणणार नाही. ऑपरेशन नसतं तर हे शोधायला मी जिवंतच राहिलो नसतो कदाचित. पण श्लोकाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या हातातला नव्हता.

आणि तो माझ्याही हातात आहे असं नाही. श्लोक म्हणतो परतत्त्व दिसल्यावर रस निवृत्त होतो. मला परतत्त्व दिसलेलं नाही. तुम्हाला इथे खोटं सांगणार नाही, पुरेसं सांगून झालंय. मी आता काय करतो ते सांगतो. सव्वाअकराला, जाग असेल तर, देवापुढे समई नसते तेव्हा, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा लावतो. मुद्दाम दिवा लावतो. जमिनीवर बसतो आणि हरिपाठ म्हणतो, मनातल्या मनात. कधी मन लागतं. कधी बाबा आठवतात आणि हरिपाठ राहून जातो, आणि मला तो नामस्मरणातला खंड वाटत नाही. कधी उठून श्रीखंड खातो. वजन ९० पर्यंत उतरलं होतं, आता ९४ आहे. हल्ली महिन्यातून एकदा त्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो आणि त्यांना मागच्या वेळचं उत्तर चुकलं होतं हे सांगून झालंय. समुपदेशन आणि नामस्मरण यांत भांडण लावणारे लोक मला आता कळत नाहीत.

आईचं एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे पानात टाकायचं नाही हा नियम. आजीपासूनचा. आणि मला तर चौथ्या घासाला थांबावंच लागतं, पाचवा घेतला की उलटी. पहिले काही महिने ताटात अन्न राहायचं आणि आई काही न बोलता ते ताट उचलायची, ते तिच्या रागावण्यापेक्षा वाईट होतं. एकदा मी तिला सांगितलं, लहानपणी जेवणाआधी आपण श्लोक म्हणायचो, त्यात अन्नाला ब्रह्म म्हटलंय, आणि तेच मी टाकतोय. आई म्हणाली, "ब्रह्म आहे तर थोडं पण पूर्णच असेल की." तिला ती काही मोठं बोलली असं वाटलं नाही. ती माळ्यावर चढली आणि एक स्टीलची वाटी काढून आणली. एका बाजूला पोचा आलेली. गाळ्यात असले पोचलेले नग कामगारांना स्वस्तात मिळायचे, आमचं अर्धं घर त्याच भांड्यांचं होतं. या वाटीत मावेल तेवढंच वाढायचं, असं ठरलं.

पहिल्या गणपतीला तिने नेहमीसारखे एकवीस मोदक केले. माझ्या वाटीत एक. तो मी पंचवीस मिनिटं खाल्ला. मुलीने तेवढ्यात चार संपवले आणि माझ्याकडे बघत बसली होती, "बाबा, तुझा अजून आहे?" खोबऱ्यात वेलची होती. आई दरवर्षी घालते म्हणे. मला ते छत्तिसाव्या वर्षी कळलं.

ज्यांना ऑपरेशनबद्दल विचारायचंय त्यांनी मला विचारू नका, डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचं शरीर वेगळं, आणि मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे. आणि ज्यांचं वजन जास्त आहे, आणि ज्यांनी २०२२ चं ते सहाव्या अध्यायावरचं वाचलं असेल, त्यांची मी माफी मागतो. ते मी काढून टाकलेलं नाही. वर एक ओळ टाकून आजच्या लिखाणाकडे बोट दाखवलंय.

त्या मुलीचा मेल काल रात्री शोधून काढला. तीन वर्षं जुना. उत्तर लिहायला दोन तास लागले आणि शेवटी पाचच ओळी झाल्या. तीन दिवस न खाणं हा संयम नव्हता, तुझी चूक नव्हती, चुकीचं मी सांगितलं होतं, हे लिहिलं. आता कशी आहेस, विचारलं. अजून उत्तर आलेलं नाही.

उद्या साठावा श्लोक. प्रयत्न करणाऱ्या शहाण्या माणसाचंही मन इंद्रियं ओढून नेतात, तो.

रामकृष्ण हरी.